"आज कुणाबरोबर खेळलीस?" हा प्रश्न थोडे दिवस विचारूच नका

मी मुलांची समुपदेशक आहे, आणि शाळा सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की माझ्याकडे एका ठरावीक प्रकारचे फोन यायला लागतात. मूल वेगळं, घर वेगळं, पण वाक्य तेच. "मॅडम, हिला कुणी खेळायलाच घेत नाही." बाबांचा फोन असेल तर पुढे "तसं सीरियस काही नाहीये, पण बायको फार टेन्शन घेते" एवढं जोडलेलं असतं, आणि पाच मिनिटं बोललं की कळतं की टेन्शन दोघांनाही सारखंच आहे, फक्त एक जण बोलतोय आणि एक जण दाबून ठेवतोय. या वर्षी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी लिहायला बसले. एका मायलेकीची गोष्ट सांगते. दोघींची परवानगी घेतलीय (हो, लेकीची पण), ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि चार-पाच महिन्यांचं बोलणं इथे थोडक्यात आणलंय. आणि एका चित्रपुस्तकाचीही गोष्ट सांगायचीय, कारण जे मला तीन सेशनमध्ये जमलं नव्हतं ते त्या पुस्तकाच्या एका पानाने केलं.

लेक आठ वर्षांची, तिसरीत. आई पहिल्यांदा एकटीच आली, आणि येताना मोबाइलमध्ये चक्क यादी करून आली. काय काय करून झालं त्याची. वाढदिवसाला पूर्ण वर्गाला बोलावलं, बावीस मुलं आली, दंगा करून गेली, नंतर हिला एकाही घरचं बोलावणं नाही. डान्सचा क्लास लावला, दीड महिन्यात सोडला. डब्यात वाटायला जास्तीचा खाऊ दिला, खाऊ संपेपर्यंत मुली बसतात आणि मग उठून जातात. आयांच्या ग्रुपवरच्या दोघी-तिघींना पर्सनल मेसेज करून "तुझ्या मुलीला सांग ना जरा हिला घ्यायला" असंही सांगून झालं.

"मॅडम, मी अजून काय करायचं राहिलंय सांगा."

मी विचारलं, "ती शाळेतून आली की पहिलं वाक्य काय असतं तुमचं?"

"हेच. आज कुणाबरोबर खेळलीस."

"आणि ती काय सांगते?"

"आधी नावं सांगायची. रोज वेगवेगळी. मला वाटलं चला, सुरू झालं. मग टीचर म्हणाल्या की ती रिसेसमध्ये एकटीच असते, रोज. म्हणजे खोटं बोलत होती माझ्याशी. आता नुसते खांदे उडवते."

खोटं बोलत होती हे आईला सगळ्यात जास्त लागलं होतं. पण जरा त्या मुलीच्या बाजूने बघा. रोज दुपारी घरी आल्या आल्या एक तोंडी परीक्षा, प्रश्न एकच, आणि उत्तर चुकलं की आईचा चेहरा पडतो. आठ वर्षांचं मूल आईचा पडलेला चेहरा फार दिवस बघू शकत नाही, ते काहीतरी उपाय काढतं. हिने नावं काढली. मी आईला म्हटलं, हे खोटं तिने तुमच्यासाठी बोललंय, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तेव्हा तिला ते पटलं नाही, तिच्या चेहऱ्यावर दिसलं मला. पटायला वेळ लागला आणि तो पटण्याचा क्षण माझ्यासमोर आला तो वेगळ्याच रस्त्याने.

पुढच्या वेळी बाबा आले. शांत माणूस. "मुलं आहेत मॅडम, आज भांडतील उद्या एक होतील, आपण लहानपणी काय रडत बसायचो का, थोडं टफ व्हायला नको?" असं त्यांचं म्हणणं. अशा बाबांना मी नेहमी किपलिंग विल्यम्सची गोष्ट सांगते. हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, एकदा पार्कमध्ये बसला होता, जवळ दोन अनोळखी माणसं फ्रिस्बी खेळत होती, ती चकती घरंगळत याच्यापाशी आली, याने उठून परत फेकली, त्यांनी पुन्हा याच्याकडे फेकली, आणि काही मिनिटं तिघं खेळले. मग काही न बोलता त्या दोघांनी याच्याकडे फेकणं बंद केलं. बास, एवढंच. मोठा, शिकलेला माणूस, त्या दोघांना ओळखत पण नाही, पुन्हा कधी भेटणार नाही, आणि तरी त्याला इतकं लागलं की त्याने पुढे याच विषयावर आयुष्यभर काम केलं. स्क्रीनवर बॉल पास करायचा एक साधा गेम बनवला, ज्यात थोड्या वेळाने तुम्हाला बॉल मिळणं बंद होतं. समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटरच खेळतोय हे आधी सांगितलं तरी लोकांना वाईट वाटतं. 2003 मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच गेम खेळणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन केले, आणि अंगाला लागल्यावर जो त्रास होतो तेव्हा मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तोच भाग वगळलं गेल्यावरही जागा होतो असं त्यांना दिसलं.

बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या ऑफिसमध्ये चारजण लंचला जातात. मला विचारत नाहीत." बाकी काही नाही, एवढंच. पण त्यानंतर त्यांनी "टफ" हा शब्द वापरला नाही.

आता लेक. ती माझ्याकडे यायची, बसायची, विचारलं तेवढं उत्तर द्यायची. हुशार, सभ्य, आणि एकदम बंद. मी चित्रं काढायला दिली, तिने घर, झाड, सूर्य काढून दिला, म्हणजे मोठ्यांना जे लागतं ते. तीन सेशन असे गेले. आता मागे वळून बघताना कळतं की मी सुद्धा आईचाच प्रश्न जरा गोड करून विचारत होते. "वर्गात तुला कोण आवडतं?" "रिसेसमध्ये कुणाशेजारी बसावंसं वाटतं?" मुलीने तो प्रश्न लगेच ओळखला आणि मलाही खांदे उडवून दाखवले. इतकी वर्षं हे काम केल्यावरही मूल आपल्याला असं थांबवतं, आणि थांबवतं तेव्हा थांबायचं असतं हे मला माझ्या कामाने शिकवलंय.

चौथ्या सेशनला मी प्रश्न बंद ठेवले आणि कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. 'क्रो बॉय'. तारो याशिमा नावाच्या जपानी चित्रकाराने 1955 मध्ये अमेरिकेत केलेलं चित्रपुस्तक, पुढच्या वर्षी त्याला कॅल्डेकॉट ऑनर, म्हणजे अमेरिकेतला चित्रपुस्तकांसाठीचा मोठा सन्मान, मिळाला. इंग्रजीत आहे, मी वाचताना मराठीत सांगत जाते.

गोष्ट अशी आहे. जपानमधल्या एका खेड्यातली शाळा. पहिल्याच दिवशी एक मुलगा सापडत नाही, शोधतात तर तो शाळेच्या जमिनीखालच्या अंधाऱ्या पोकळीत लपलेला. बुटका म्हणून त्याचं नाव पडतं चिबी. त्याला शिक्षकांची भीती वाटते म्हणून तो शिकत नाही, मुलांची भीती वाटते म्हणून मैत्री होत नाही. रांगेत शेवटी, अभ्यासात शेवटी. मुलं त्याला बावळट, ढिला म्हणतात. तो डोळे तिरळे करायला शिकतो, नको ते दिसू नये म्हणून. छताकडे बघत बसतो तासन्‌तास, बाकाच्या लाकडाकडे बघतो, समोरच्या मुलाच्या खांद्यावरच्या ठिगळाकडे बघतो, डोळे मिटून आवाज ऐकतो. आणि तरी रोज येतो. पावसात वाळक्या गवताचा रेनकोट गुंडाळून येतो. पाच वर्षं.

सहावीत नवे शिक्षक येतात, इसोबे. ते मुलांना शाळेमागच्या टेकडीवर नेतात, तिथे कळतं की रानद्राक्षं कुठे लागतात, रानकंद कुठे मिळतात हे चिबीला सगळं माहीत आहे. त्याची चित्रं आवडतात त्यांना, भिंतीवर लावतात. त्याचं अक्षर फक्त त्यालाच वाचता येतं, ते सुद्धा भिंतीवर लावतात. आणि आजूबाजूला कुणी नसलं की त्याच्याशी गप्पा मारतात. मग वर्षाच्या शेवटी गॅदरिंगसारखा कार्यक्रम, त्यात चिबी स्टेजवर येतो, सगळे म्हणतात हा काय करणार, आणि तो कावळ्यांचे आवाज काढतो. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लांचा, आईचा, बाबांचा, पहाटेचा, दुःखाच्या वेळचा, आनंदाचा. इसोबे सर सांगतात की हे आवाज तो कसा शिकला, रोज पहाटे घरून निघायचं आणि सूर्य मावळताना परत पोचायचं, सहा वर्षं, त्या वाटेवर शिकला. वर्गातली सगळी मुलं रडतात, मोठी माणसंही डोळे पुसतात. मग शाळा संपताना, सहा वर्षांत एकही दिवस न चुकवल्याचा मान फक्त त्याला मिळतो.

हे मी शेवटपर्यंत सांगितलं खरं, पण त्या दिवशी आम्ही शेवटापर्यंत पोचलोच नाही. चिबी छताकडे बघतोय त्या पानावर लेकीने पुस्तकावर हात ठेवला. पान उलटू देईना.

मी गप्प राहिले. बराच वेळ. (नवीन समुपदेशकांना मी एवढं एकच सांगते, मूल पानावर हात ठेवतं तेव्हा तोंड उघडू नका.)

मग ती म्हणाली, "मी फरशा मोजते."

"कुठल्या?"

"वरांड्यातल्या. दोनशे चौदा आहेत. चार फुटलेल्यात. एक आधी अख्खी होती, ती पण फुटली आता."

आणि मग ती जी सुटली! नळाशेजारच्या पायरीवर ती बसते. तिथून सगळं दिसतं. पहिलीच्या एका छोट्या मुलाला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येत नाही, तो रोज नळापाशी येऊन बाटलीशी झटतो आणि मग न पिताच जातो, आता ती उघडून देते. एक मुलगी रोज बाथरूममध्ये जाऊन रडून येते आणि तोंड धुऊन बाहेर येते, कुणाला माहीत नाही. शाळेतले मामा घंटा द्यायच्या आधी एकदा खोकतात, म्हणून हिला घंटा व्हायच्या आधीच कळतं. टीचर दमल्या की डावा हात कमरेवर ठेवतात. पंचवीस मिनिटं ती बोलत होती. आईच्या यादीतल्या "एकटी बसते, काही करत नाही" या मुलीला त्या शाळेबद्दल जेवढं माहीत होतं तेवढं मुख्याध्यापकांना तरी असेल का असं मला वाटलं.

मी आल्फ्रेड ॲडलर या ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञाच्या वाटेने काम करणारी आहे, ते लपवत नाही. ॲडलर 1920च्या दशकात व्हिएन्नामध्ये शाळांसोबत मुलांची मार्गदर्शन केंद्रं चालवायचा. त्याच्या सगळ्या विचारांचं सार माझ्या भाषेत सांगायचं तर, माणसाला सगळ्यात आधी हवी असते ती आपल्या माणसांत एक जागा, आणि ती जागा पक्की होते आपला कुणाला तरी उपयोग आहे हे जाणवलं की. म्हणून माझ्यासमोर एकटं पडलेलं मूल आलं की मी त्याच्यात काय कमी आहे ते शोधत नाही, ते आत्ता, या घडीला, कुणाच्या कामाला येतंय ते शोधते. आणि बाटलीचं झाकण सापडलं.

पुस्तक मी घरी दिलं. आईला सांगितलं, रोज रात्री वाचा, एकही प्रश्न विचारू नका, आणि शाळेतून आल्यावर "कुणाबरोबर खेळलीस" हे आता बंद. त्याऐवजी वाटलं तर "आज काय बघितलंस" एवढंच विचारा, आणि नाही सांगितलं तर सोडून द्या.

दहा दिवसांनी आई आली, एकटी. पुस्तक पर्समधून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही हे मुद्दाम दिलंत का?"

"का?"

"हे पुस्तक सांगतंय कोण?"

मला कळेना. ती म्हणाली, "पहिल्या पानापासून 'आमच्या शाळेत', 'आमच्यापैकी कुणी त्याला ओळखत नव्हतं'. हे त्या मुलाने सांगितलेलं नाहीये. हे त्याला न घेणाऱ्यांनी सांगितलंय." आणि मग एकदम रडायला लागली. "मी त्यातली आहे."

ती पाचवीत असताना वर्गात एक मुलगी होती. आई बोलता बोलता त्या मुलीचं पूर्ण नाव घेत होती, रोल नंबरसकट. त्या मुलीला खेळायला घ्यायचं नाही हे ठरवणाऱ्या ज्या तीन-चार जणी होत्या त्यातली ही मुख्य. त्या मुलीने बाकाला हात लावला की ही तो फडक्याने पुसायची, सगळे हसायचे. ती मुलगी वर्षाच्या मध्येच शाळा सोडून गेली. "मला पंचवीस वर्षांत कधी आठवलं पण नव्हतं. माझी मुलगी एकटी बसते असं टीचर म्हणाल्या ना, त्या क्षणी मला तिचाच चेहरा दिसला. आणि मी काय केलं, तर माझ्या मुलीवर चिडले. की तू तिच्यासारखी का बसतेस."

हे पुस्तक मी कित्येक मुलांना वाचून दाखवलंय, आणि खरं सांगते, तो "आम्ही" माझ्या डोळ्यांत कधी भरला नव्हता. मी ते नेहमी चिबीचं पुस्तक म्हणून वाचलं. त्या दिवशी एका आईने मला ते वाचायला शिकवलं. नंतर मी लेखकाच्या आयुष्याकडे पुन्हा बघितलं तेव्हा तर अजूनच थांबले. याशिमा हे त्याचं खरं नाव नाही, तो जुन अत्सुशी इवामात्सु, जन्म 1908, जपानच्या दक्षिणेकडचा कागोशिमा भाग. लष्करशाहीच्या विरोधात उभा राहिला म्हणून त्याला आणि त्याच्या बायकोला, ती पण चित्रकार, जपानमध्ये तुरुंगात टाकलं. 1939 मध्ये दोघं अमेरिकेला गेले आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला आजी-आजोबांकडे ठेवावं लागलं. युद्धात हा अमेरिकेच्या बाजूने काम करत होता आणि मागे राहिलेल्या मुलाला त्याचा त्रास होऊ नये म्हणून नाव बदललं. मुलगा त्यांच्याकडे आला तो 1949 मध्ये. (तो मुलगा पुढे माको नावाने हॉलिवूडमध्ये मोठा नट झाला.) म्हणजे स्वतःच्या देशाने बाहेर काढलेला माणूस. त्याला चिबीच्या तोंडून "बघा माझ्याशी कसे वागलात" असं लिहिता आलं असतं, कुणी नावं ठेवली नसती. त्याने ते त्या मुलांच्या तोंडून लिहिलं, ज्यांना उशिरा कळलं.

मी आईला तेव्हा हे सगळं सांगितलं नाही, रडणाऱ्या माणसाला माहिती देऊ नये. एवढंच विचारलं, "त्या मुलीला पाचवीत काय येत होतं, आठवतं?"

बराच वेळ विचार करून म्हणाली, "नाही. काहीच आठवत नाही. मी कधी बघितलंच नाही."

"आणि तुमच्या मुलीला?"

यावर ती जे रडली ते आधीच्यापेक्षा वेगळं होतं. मग डोळे पुसून हळूच म्हणाली, "दोनशे चौदा."

माझ्या दृष्टीने आमचं काम तिथे झालं, बाकीचं फक्त मागून आलं. आईच्या पोटात जी भीती होती ती मुलीबद्दलची नव्हतीच, पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका बाकाची होती, आणि ती भीती रोज दुपारी प्रश्न बनून मुलीपुढे उभी राहत होती. मी हे अनेक घरांत बघितलंय. कुणी स्वतः एकटं पडलेलं असतं, कुणी एकटं पाडलेलं असतं, कुणी घाबरून बघत उभं राहिलेलं असतं. आपल्या मुलाच्या रिसेसमध्ये आपण आपलं जुनं रिसेस बघत असतो. तुमच्याकडे असं काही असेल तर ते मुलाला सांगायची गरज नाही, पण स्वतःला माहीत हवं.

अजून एक गोष्ट या पुस्तकावरून बोलायची आहे, कारण पालक नेहमी तिथे चुकतात. पुस्तक वाचून एक बाबा मला म्हणाले होते, "म्हणजे ह्याच्यातलं टॅलेंट शोधायला पाहिजे, गिटार लावतो." नाही हो. चिबी स्टेजवर गेला ते अगदी शेवटी. त्याच्या आधी कितीतरी दिवस इसोबे सर त्याच्याशी कुणी नसताना बोलत होते. जे अक्षर कुणालाच वाचता येत नव्हतं ते त्यांनी भिंतीवर लावलं, सुधारायला सांगितलं नाही. आणि मुलं रडली ती आवाज छान काढले म्हणून नाही, तो किती लांबून चालत येत होता ते ऐकल्यावर रडली. मुलाने काहीतरी भारी करून दाखवलं तर त्याला जागा मिळेल असं आपण शिकवलं, तर ते पुढे ऑफिसात सुद्धा तेच करत बसेल. पहिली जागा काही न करता मिळायला हवी, आणि ती देणारं एकच मोठं माणूस सुरुवातीला पुरतं.

मी वर्गशिक्षिकांना भेटले. चांगल्या बाई, पण चाळीसच्या आसपास मुलं आणि वेळ नाही. त्या म्हणाल्या, मी उद्या वर्गात सगळ्यांना सांगते की हिच्याशी खेळा. मी हात जोडले. असं कधीही करू नका. शिक्षकांनी असं सांगितलं की ते मूल वर्गाचं होमवर्क होतं. त्याऐवजी त्यांना बाटलीच्या झाकणाबद्दल सांगितलं, आणि पहिलीच्या मुलांना रिसेसमध्ये नळापाशी मदत करायचं काम दोघींना द्या म्हटलं, माझ्या मनात होत्या ही आणि जी बाथरूममध्ये रडून येते ती. तिचं नाव मी सांगितलं नाही, ते सांगायचा हक्क माझा नव्हता, फक्त वर्गातली अजून एखादी गप्प मुलगी निवडा म्हटलं, आणि टीचरांनी नेमकी तीच निवडली. त्यांनाही बरंच दिसत असतं, त्यांना विचारत कुणी नाही.

शाळांसाठी अजून एक उदाहरण मी देत असते, व्हिव्हियन पेली या अमेरिकन शिक्षिकेचं. शिकागोच्या शाळेत बालवर्गाला शिकवताना तिने वर्गात नियमच केला की "तू खेळायचं नाहीस" असं कुणी कुणाला म्हणायचं नाही, आणि त्यावर 1992 मध्ये पुस्तक लिहिलं. तिने हा नियम आधी मोठ्या वर्गांतल्या मुलांपुढे चर्चेला ठेवला होता. मोठ्या मुलांचं म्हणणं साधारण असं पडलं की नियम बरोबर आहे पण चालणार नाही. तिने तरी तो लावला, आणि लहान मुलांनी तो घेतला. मला यातलं सगळ्यात पटलेलं असं की तिने प्रश्न एकट्या मुलाकडून काढून पूर्ण वर्गाकडे नेला. आपण उलटं करतो, बाहेर ठेवलेल्या मुलाला क्लास लावतो आणि बाहेर ठेवणाऱ्यांना काहीच नाही.

आता तुमच्या घरासाठी, जे मी सगळ्यांनाच सांगते. मुलाला "जा, विचार, मला घ्याल का" असं शिकवू नका. या प्रश्नाला "नाही" म्हणणं फार सोपं असतं. ज्या मुलांना खेळात शिरायला जमतं ती आधी जरा बाजूला उभी राहून बघतात, खेळात काय चाललंय ते समजून घेतात, आणि मग त्या खेळात बसेल असं काहीतरी करतात. बॉल लांब गेला तर आणून देतात, स्कोअर मोजतात. हे घरी खेळून दाखवता येतं. पूर्ण वर्गाला बोलावण्यापेक्षा एका मुलाला बोलवा, दोन तास, आणि दोघांना काहीतरी करायला द्या, नुसतं "खेळा" म्हणू नका. आणि मुलाला एकटं बसायला खरंच आवडत असेल तर त्याला आवडू द्या. एकटं बसणं आणि एकटं पडणं यातला फरक मुलाच्या अंगावर दिसतो, आवडीने बसलेलं मूल मोकळं असतं, पडलेल्याचे खांदे आत आलेले असतात.

पण मारणं, वस्तू काढून घेणं, ठरवून रोज एकाच मुलाची टिंगल करणं हे चालू असेल तर वाट बघू नका, शाळेशी लेखी बोला. आणि मूल शाळेत जायला पोट दुखतं म्हणत असेल, झोप उडाली असेल, किंवा "मी नसलो तरी चालेल" अशा अर्थाचं एकदा जरी बोललं असेल, तर ते नाटक समजू नका, लगेच तज्ज्ञांकडे न्या. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर दोन मुलं आहेत ज्यांना उशिरा आणलं गेलं होतं.

लेक आता महिन्यातून एकदा येते. वर्गातल्या मोठ्या ग्रुपमध्ये ती अजून नाहीये, आई कबूल करते, आणि कबूल करताना आता तिचा आवाज बदलत नाही. नळापाशी त्या दोघी असतात. बाटलीवाला छोटा मुलगा आता स्वतः झाकण उघडतो, पण रोज येतोच.

मागच्या वेळी मी तिला विचारलं, "फरशा किती झाल्या गं फुटलेल्या?"

"सहा," ती म्हणाली. "पण आता मोजायला खूप वेळ लागतो. तो पण मोजतो ना माझ्याबरोबर, आणि त्याला एकोणीसच्या पुढे एकदम तीस येतं. मग परत पहिल्यापासून."